नेपच्यूनच्या पलीकडचा बर्फ आणि आबांची खाट

शहरातल्या एका छोट्या तारांगणात मी शाळेच्या मुलांना ग्रहतारे दाखवतो. घुमटाखाली अंधार झाला की सूर्यापासून निघायचं आणि नेपच्यूनच्या पलीकडे जायचं, हा माझा नेहमीचा रस्ता. तिथं बर्फाळ गोळ्यांचा एक अफाट पट्टा आहे. प्लूटो त्यातलाच एक. तिथून सूर्य ठळक चांदणीसारखा दिसतो, आणि नायट्रोजनसारखा वायूसुद्धा गोठून टणक होतो. "तरीही सूर्यानं त्यांना सोडलेलं नाही," हे माझं शेवटचं वाक्य. मुलं टाळ्या वाजवतात.

आई गेल्यावर आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी फुलंब्रीजवळच्या गावाहून इथं आणलं. आबा मेंढपाळ. त्यांचं आयुष्य रानात, कळपाशेजारी घोंगडीवर झोपून गेलं. आमचं घर लहान, म्हणून त्यांची खाट मी गॅलरीत टाकली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो, "आबांना उघड्यावरच झोप लागते." बायकोलाही तेच सांगितलं. सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं. आबांना मात्र कधी विचारलं नाही.

पौषात एकदा त्यांना तारांगणात घेऊन गेलो. नंतर बाहेरच्या टपरीवर त्यांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "काय रं, ते बर्फाचे गोळे. तेंला ऊन लागतच नाय व्हय?"

"लागतं, पण नावालाच."

"अन् सूर्य सोडीत बी नाय?"

"नाही. त्याच्याभोवती फिरत राहतात."

"लई भारी! ऊब द्यायची नाय, अन् सोडलं नाय म्हणून टाळ्या घ्यायच्या." ते हसले.

मीही हसलो. थट्टेत म्हणालो, "तुम्हाला काय थंडीचं, आबा! तुम्ही उघड्यावरचा माणूस."

बशीतला चहा संपवून ते म्हणाले, "आरं, मेंढरापाशी झोपायचो ते लांडग्यापायी. हौस व्हती व्हय? कोकरू गारठलं तर तेला बी घोंगडीत घ्यायचो. घरी आलो की तुझी माय चुलीपाशी अंथरूण घालायची. तू बारका व्हतास, इसरला असशील."

विसरलो नव्हतो. त्या अंथरुणात त्यांच्या कुशीत मीच झोपायचो.

त्याच संध्याकाळी खाट आत घ्यायला हवी होती. पण हॉलमध्ये मुलीचं अभ्यासाचं टेबल होतं आणि तिची बारावी. परीक्षा होऊ दे, म्हटलं. तोवर आबांना एक जाड रजई आणून दिली, आणि तेवढ्यानं भागलं असं स्वतःला समजावलं. पहाटे गॅलरीच्या बंद दारामागून त्यांचा खोकला ऐकू यायचा. मी कूस बदलायचो.

परीक्षा संपली. होळीही झाली. एका सकाळी मी खाट आत ओढायला लागलो. आबा दारात उभं राहून बघत होते.

"आता कशाला रं? थंडी सरली की."

मी खाट तशीच अर्धी आत, अर्धी बाहेर सोडून विचारलं, "आबा, तुम्हाला कुठं झोपायचंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुलीच्या टेबलाकडे बघितलं, मग सोफ्याकडे.

"जिथं कुणाला अडचण नाय, तिथं," ते म्हणाले, आणि खाटेचं दुसरं टोक धरायला वाकले. ते आत ढकलणार होते की बाहेर ओढणार होते, हे मला कळेना.