वरवंट्यानं सरळ केलेला हुक

शिवथरच्या खोऱ्यातली अंकिता दोन हजार चार साली महाडच्या एमआयडीसीत, प्लास्टिकच्या कारखान्यात डिझायनर म्हणून लागली. कॉम्प्युटरवर वस्तू काढायची, पण आधी ती कशाची ते त्याला शिकवायचं: जड किती, ओढली तर कधी तुटेल, भार दिला तर किती वाकेल. हे आकडे भरले नाहीत, तर कॉम्प्युटरला नायलॉन काय नि पेंढा काय, सारखंच.

तिचं पहिलं काम पाळण्याचा हुक. माल देणाऱ्याच्या कागदावरचे नायलॉनचे आकडे तिनं जसेच्या तसे भरले, तीस किलो टांगले. पडद्यावरचा हुक जरासुद्धा उघडला नाही. साचा झाला, पाच हजार हुक निघाले, शनिवारी गाडी जायची होती.

शुक्रवारी भाऊ राहुलच्या मुलीचं बारसं. अंकितानं बांधून ठेवलेल्या मालातला एक हुक घरी नेला नि सकाळीच वाशाला लावला.

"दोरच बरा हुता गो," सोनाबाई आत्या म्हणाली.

"आत्या, तीस किलो धरतो. कॉम्प्युटरवर बघितलंय मी."

"तुझा कॉम्प्युटर कधी पाळण्यात निजलावता?"

बायका हसल्या. रीतीप्रमाणं बाळाआधी वरवंटा कुंचीत गुंडाळून पाळण्यात निजवला. मंजुळावहिनी पोरीला घेऊन शेजारी उभीच होती. दोन झोके झाले. तिसऱ्याला पाळणा धाडकन जमिनीवर. वरवंटा गडगडत चुलीपाशी गेला.

मंजुळानं पोरीला इतकं आवळलं, की तीच रडायला लागली. अंकितानं वर बघितलं. हुक तुटला नव्हता. वालाच्या शेंगेसारखा लांब होऊन वाशाला लोंबत होता. पाळणा नि वरवंटा मिळून पंधरा किलोसुद्धा नव्हते!

तिनं हुक काढून पिशवीत टाकला.

शनिवारी पहाटेच्या एसटीनं ती कारखान्यात पोचली. मागच्या पडवीत जुने कामगार काशीरामकाका पातेल्यात शेवटचे थोडे हुक उकळत होते.

"काका, हे काय?"

"उकळतोय. साच्यातून निघालेलं नायलॉन काचेवानी तडकतं. पाणी प्यालं की चिवट व्हतं. पंधरा वर्सं करतोय, तुला ठाव नाय?"

तिला ठाऊक नव्हतं. धावत टेबलाशी गेली, कागद काढला. खाली बारीक अक्षरात होतं: आकडे कोरड्या नमुन्याचे. काकांचं उकळलेलं नायलॉन चिवट खरं, पण मऊ; घरी नेलेला हुक त्यातलाच. नि कॉम्प्युटरला तिनं भलतंच नायलॉन सांगितलं होतं. पडवी नि टेबल यांत तीस पावलं. लागल्यापासून ती कधी गेली नव्हती.

बाहेर गाडी अर्धी भरली होती. मालक गंगाधरशेठ वैतागले, "गिऱ्हाईक खोळंबलंय, अंकिता. चिवट हुक आहे, तुटतोय कशाला?"

तिनं सरळ झालेला हुक त्यांच्यापुढं ठेवला. "शेठ, तुटला नाही. ह्याच्यावरून वरवंटा पडला. त्याच्या मागोमाग माझी भाची निजायची होती."

शेठनी हुक हातात घेतला, खाली ठेवला, नि गाडीतला माल उतरवायला सांगितला.

पुढचे चार दिवस काशीरामकाकांनी उकळलेल्या पट्ट्यांना वजनं टांगली, अंकितानं बाक मोजला. जिथं कागदाप्रमाणं पट्टी एक बोट वाकायला हवी, तिथं तीन बोटं वाकत होती. तिनं कॉम्प्युटरमध्ये नवं नाव घातलं, 'नायलॉन, उकळलेलं', नवे आकडे भरले, नि तोच जुना हुक पुन्हा टांगला.

पडद्यावर तो भार न सोसून लाल झाला, तोंड उघडत गेला. मागं उभे असलेले काका पुढं वाकले.

"आसाच उघाडला?"

"असाच," अंकिता म्हणाली, नि तिला पडद्याकडं बघवेना.