हबीबचाचांचे दोन फोटो

गिऱ्हाइकाच्या हातात फोटो देताना हबीबचाचा फोटोकडे कधीच बघत नसत. ते बघत गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे. माणूस पाकीट उघडतो, स्वतःचा चेहरा बघतो आणि पहिल्या क्षणी त्याचं नाक मुरडतं की भुवई चढते, एवढंच त्यांना हवं असे. मी पहिल्यांदा त्यांच्या दारव्ह्याच्या स्टुडिओत गेले ती परीक्षेच्या अर्जासाठी फोटो काढायला. फोटो बघून मी म्हणाले, "चाचा, मी अशी दिसते?" त्यांनी मान डोलावली. "सगळे हेच म्हणतात. अन् संगं आलेलं माणूस म्हणते, हुबेहूब आला. आता सांग बेटा, दोघांपैकी खोटं कोण बोलून राह्यलं?"

मी तेव्हा दारव्ह्याहून ये-जा करत यवतमाळच्या कॉलेजात मानसशास्त्रात एम.ए. करत होते. 'स्व' आणि 'स्व-प्रतिमा' यांवर पानंच्या पानं पाठ होती. पण चाचांच्या या साध्या प्रश्नावर मी "उद्या येऊन सांगते," म्हणून सटकले. दुसऱ्या दिवशी गेले ती उत्तर मागायला.

उत्तर त्यांना अपघातानं सापडलं होतं. कधीतरी कॉम्प्युटरवर एका मास्तरांचा फोटो चुकून उलटा झाला, म्हणजे डावं उजवीकडे गेलं. हे मास्तर दर खेपेला कुरकुर करणारे. त्या दिवशी मात्र खूश. "आज जमला," म्हणाले. त्यांच्या बायकोनं तोच फोटो बघून तोंड वाकडं केलं. चाचांना राहवेना. "आपलं थोबाड आपल्याले जिंदगीत दिसत नाही," ते मला सांगत होते. "दिसते ते आरशातलं. तेच खरं वाटते. जगाले दिसते ते येगळंच. म्हणून आपला फोटो आपल्याले परका."

एवढ्यावर थांबते तर ते हबीबचाचा कसले? त्यांनी लोकांना दोन फोटो दाखवायला सुरुवात केली, एक सुलटा, एक उलटा. कोणता कसा, हे सांगायचं नाही. गुंडी, पदर, नाकातली चमकी दिसली की बिंग फुटतं, म्हणून नुसता चेहरा ठेवायचा आणि चमकीवाल्या बायांना यातून वगळायचं. उजव्या हाताकडचा फोटो लोक जास्त उचलतात असा त्यांना संशय आला, तेव्हापासून ते बाजू आळीपाळीनं बदलू लागले. पुढं त्यांना स्वतःचाच संशय आला. "मले माहीत असलं ना, तर माह्या डोयात दिसते," म्हणाले. मग पडद्यामागं बसून फोटोंची अदलाबदल करायचं काम रुकय्याचाचींकडे गेलं. चाचींना या सगळ्याचा भारी कंटाळा. "लोकांचे नवरे पत्ते खेळतात, हे थोबाडं खेळतात," त्या आतून म्हणत.

मी थक्क झाले. ज्या गोष्टी आमचे सर फळ्यावर खडूनं लिहून देत, त्या हा माणूस कुणीही न शिकवता करत होता. 'तुम्ही स्वतःला कसे दिसता?' असले प्रश्न लिहिलेला माझा कागद चाचांना दाखवला, तर त्यांनी तो अलगद परत केला. "इचारलं की माणूस तुले बरं वाटन असं बोलते. निवडाले लाव. निवडताना माणूस सापडते." मी प्रबंधाचा विषय बदलला आणि चाचांचाच प्रयोग नीट नोंदी ठेवून चाळीस लोकांवर करायचं ठरवलं. चाचांची अट एकच होती. उलटा फोटो दुकानाबाहेर जाणार नाही. "तो आपला नाही. तो फक्त पाह्याचा."

वर्षा आली ती आईसोबत, स्थळासाठी फोटो काढायला. जवळच्याच गावातली शेतकऱ्याची मुलगी, उजव्या गालावर ठसठशीत तीळ. चमकीसारखाच तोही बिंग फोडणार, हे तेव्हा सुचलं नाही. तिनं उलटा उचलला, आईनं सुलटा. मी नोंद केली. आई बाहेर चपला घालत होती, चाचा नमाजाला गेले होते. वर्षा हळूच म्हणाली, "ताई, मले हाच द्या ना. यात मी बरी दिसून राह्यली." तिचा चेहरा इतका खुलला होता की मला नाही म्हणवलं नाही. मी उलटा फोटो पाकिटात घातला. वाटलं, काय बिघडतं?

बिघडायचं ते पंधरा दिवसांत बिघडलं. ढाणकीचे पाहुणे मुलगी बघायला आले. मुलाच्या आत्यानं पर्समधून फोटो काढला, समोरच्या वर्षाकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे. "फोटोत तीळ डाव्या गालावर हाय. हे पोट्टी दुसरी हाय." एकीचा फोटो पाठवून दुसरीला पुढं बसवलं, असा तिचा समज झाला. पाहुणे पोह्यांना हात न लावता उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वर्षाचे वडील दुकानात उभे. ओरडले नाहीत, फोटो काउंटरवर ठेवला फक्त. "हबीबभाई, माह्या पोरीची बदनामी झाली. हे कसं झालं?" चाचांनी फोटो उचलला, क्षणभर माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलंच असणार. "चूक माही हाय भाऊ," ते म्हणाले. "मीच जातो ढाणकीले."

तीन गाड्या बदलून आम्ही दोघं ढाणकीला पोचलो. चाचांनी समजावण्याच्या भानगडीत न पडता मोबाइलवर आत्याबाईंचा फोटो काढला आणि दोन तऱ्हांनी दाखवला. आत्यानं उलटा निवडला. घरातल्या बाकी साऱ्यांनी सुलट्यावर बोट ठेवलं. "आता सांगा," चाचा म्हणाले, "यातली बदललेली आत्या कोणती?" तिचा भाऊ पोट धरून हसला. आत्याही ओशाळली, पण बाई पक्की. "ते समजलं. पण असा उलटा फोटो पोरीच्या हाती देल्ला कोणं?"

"म्या," चाचा म्हणाले.

मी शेजारीच बसले होते आणि कपातल्या चहाकडे बघत होते.

परतीच्या जीपमध्ये मी पुटपुटले, की मी सांगायला हवं होतं. चाचा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुले अजून कोणी वळखत नाही बेटा, मले वळखतात. वळखीच्या माणसाची चूक लोक पोटात घालतात."

माणसांबद्दलचा चाचांचा हा एक अंदाज साफ चुकला. ढाणकीत पटलं, लग्नही झालं, पण दारव्ह्यात बोलणं निराळंच पसरलं. हबीब कॉम्प्युटरवर चेहरे बदलतो म्हणे. लेकीबाळींचे फोटो काढणारी घरं दुसऱ्या स्टुडिओकडे वळली. चाचांकडे उरले पासपोर्टचे फोटो. दोन फोटो दाखवणं त्यांनी बंद केलं. माझा प्रबंध मात्र गाजला, मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले आणि दरवर्षी वर्गात हा प्रयोग रंगवून सांगते. चाचांचं नाव घेते, वर्षाचा भाग गाळते. मला त्याची लाज वाटते, आणि ती वाटत असूनही नऊ वर्षं मी तो भाग गाळत आले.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. चाचींना भेटायला गेले तर वर्षा आधीच येऊन बसलेली, मांडीवर मुलगी. चाचींचा हात हातात घेऊन ती म्हणत होती, "चाचाच्या हातून एकच चूक झाली जिंदगीत. पण माह्या मनात काही नाही चाची." चाचींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना सगळं ठाऊक होतं. पडद्यामागून त्यांनी त्या दिवशी ऐकलंच असणार.

मी म्हणाले, "वर्षा, तो फोटो तुला मी दिला होता. चाचा दुकानात नव्हतेच."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. कोण आहे ही बाई, असं नव्यानं बघावं तसं. मग मुलीला खांद्यावर घेऊन म्हणाली, "मले तं आठोतच नोतं, कोणं देल्ला ते. ते म्हणत, म्या देल्ला, म्हणून मीबी तेच सांगत गेली. सासरी, माहेरी, साऱ्याइले. आता त्या साऱ्याइले परत सांगा लागन. अन् ते तुमीच सांगा."

वर्षाच्या माहेरी जाऊन आले. ढाणकीला आत्याबाईंना भेटले. दारव्ह्याच्या बाजारात ओळखीच्या चार दुकानांत थांबून सांगितलं. पण ते बोलणं कुठवर गेलं होतं, याची नोंद माझ्याकडे नाही. जिथं मला पोचता आलं नाही, तिथल्या लोकांसाठी हे लिहिलं आहे. हबीबचाचांनी कुणाचाही चेहरा बदलला नव्हता. फोटो मी दिला होता.