उमरग्याचं एक्स-रे मशीन

कॉम्प्युटरमधल्या तापलेल्या धुळीचा वास आला की मला उमरग्याचा तो दवाखाना आठवतो. तिथल्या कॉम्प्युटरांना नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते द्यायला मी धाराशिवहून गेलो होतो. एकेका कॉम्प्युटरपुढं वाकून पत्ता बदलायचा, एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून तपासायचं. तिसऱ्या दिवशी पाठ पार मोडून आली होती, आणि नेमकं एक्स-रे मशीन अडून बसलं. ते जुनं होतं, त्याला नवा पत्ता कळतच नव्हता, त्यामुळं डॉक्टरांच्या पडद्यावर फोटो येईना. बाहेर बाकड्यावर माकणीची एक म्हातारी मोडलेला हात पदरात धरून बसली होती. "लई येळ लागंल का, बाबा?" तिनं विचारलं. मला तिच्याकडं बघवेना. शेवटी धाराशिवच्या ऑफिसात आमच्या मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मशीनला हात लावू नका. कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या सगळ्या स्विचना एका जागेवरून वाट सांगणारं सॉफ्टवेअर आजच सुरू झालंय. मशीनचा जुना पत्ता राहू द्या, फोटो जाताना मी तो इथून वाटेतच बदलून देते." दहा मिनिटांत फोटो आला. प्लास्टर घालून निघताना म्हातारी माझ्यापाशी थांबली. "जेवलास का न्हाय रं? तोंड किती सुकलंय," म्हणत तिनं एका हातानं गाठोडं सोडून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. आता त्याच सॉफ्टवेअरवर मी धाराशिवला खुर्चीत बसून अख्ख्या तालुक्यातल्या कॉम्प्युटरांचे पत्ते बदलतो. संध्याकाळी तितकाच थकतो, पण माझं तोंड बघणारं समोर कुणी नसतं.