मुलीच्या हातातलं पॅड

नव्वदच्या दशकात बँकेने माझी बदली लखनौला केली आणि आम्ही साताऱ्याहून तिथल्या अलीगंजात राहायला आलो. तिथे आमच्या तेरा वर्षांच्या मुलीने कराटेचं खूळ डोक्यात घेतलं. जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये क्लास भरायचा, पण सगळे मुलगेच. "मी सोबत असेन तरच जायचं," असं मी बजावलं. तेवढ्याने ती नाद सोडेल अशी माझी खात्री होती. तिने सोडला नाही, आणि पस्तिशी उलटलेला मी पोट आत ओढून, पांढरा पट्टा बांधून पोरांच्या रांगेत उभा राहिलो.

तिथे वयाला किंमत नव्हती, पट्ट्याला होती. बघता बघता ती हिरव्यावर गेली आणि मी पिवळ्यावरच अडकलो. क्लास सुरू होताना मला तिच्यापुढे वाकावं लागायचं. घरी जिला अभ्यासावरून दटावायचो तिच्यापुढे वाकताना माझे कान तापायचे.

उडी मारून लाथ मारायची म्हणजे आधी कितीतरी दिवस लाथ नाहीच. बाकावरून गादीवर नुसतं उतरायचं, चवडे आधी, गुडघे वाकवून. "कूदना तो सबको आता है, उतरना सीखिए," सर म्हणायचे. मला तो पोरखेळ वाटला. मी कंबरदुखीचं निमित्त सांगून भिंतीला टेकून राहायचो.

मग एका रविवारी खरी लाथ आली. लाथ झेलायचं जाड पॅड जो धरील त्याने समोरच्याला सांभाळायचं, उंचीही त्यानेच ठरवायची, असा नियम. माझ्यासमोर नेमकी माझी मुलगी आली. तिने पॅड कमरेच्या खाली धरलं.

"बाबा, इतना ठीक है. आराम से."

मला राग आला. "वर घे," मी दबक्या आवाजात दरडावलं आणि तिला ते छातीपर्यंत न्यायला लावलं. धावलो, उडालो. पाय पॅडपर्यंत पोचलाच नाही. ताठ पायावर उतरलो, गुडघ्यातून सणकून कळ गेली आणि गादीबाहेर फरशीवर धपकन बसलो. पोरं खिदळली.

"इतना ऊँचा किसने कहा था?" सर कडाडले.

"मैंने ही पकड़ा था, सर," ती म्हणाली.

सरांनी तिला सगळ्यांदेखत झापलं आणि दंड काढायला लावले. खरं सांगायला माझं एक वाक्य पुरलं असतं. त्या पोरांसमोर ते माझ्या तोंडून निघेना. ती धापा टाकत वरखाली होत होती आणि मी गुडघा चोळत फरशीकडे बघत होतो. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

बाहेर स्कूटरही तिनेच सुरू करून दिली. "खोटं कशाला बोललीस?" मी विचारलं. बापाची लाज राखली, असं काहीतरी ऐकायला मी आसुसलो होतो.

ती मागे बसली. एरवी हिंदीत उत्तरं देणारी पोरगी मराठीत म्हणाली, "तुम्ही चिडून क्लास सोडला असता. मग माझाही सुटला असता ना, बाबा."