सात बायका, एकच तपकिरी

ल्यूशस ग्रँडबरीचं डोकं फिरवायचं असंल तर एवढंच म्हणावं, "तपकिरी ती तपकिरी, तिच्यात काय बघायचं?"

फिलाडेल्फियात जर्मनटाउनच्या चढावर माझं केशकर्तनालय, समोर त्याचं घर. बाप घरं रंगवायचा. डब्यांतला उरलासुरला रंग मिसळत हा शिकला. पुढं तीस वर्षं पोरांच्या पुस्तकांत चित्रं काढली, माणसं मात्र आमच्याच काळ्या लोकांच्या गल्लीतली. चर्च सुटलं की बायकांना टोप्यांसकट पायरीवर बसवायचा आणि हलू नका म्हणून दम भरायचा. एकीचा रंग भाजल्या शेंगदाण्याचा, एकीचा काकवीचा, एकीचा जायफळाचा. सात बायकांना सात तपकिरी घोटायचा.

सत्त्याहत्तर साली एका पुस्तकात या साती जणींचं पान होतं. त्याचं प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, आलं ते सगळ्या जणी एका रंगात. दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदाही तेच. कागद घेऊन तो तणतणत दुकानात आला. त्या सातांतली अर्लीन मावशी नवऱ्याला न्यायला आली होती. तिनं चष्मा लावला.

"यातली मी कंची?"

"डावीकडची."

"ही तर बर्निस. टोपी माझी अन् तोंड तिचं? लोक म्हनतील, बर्निसनं टोपी ढापली."

ल्यूशसनं तिथनंच प्रकाशकाकडच्या संपादक बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, शुक्रवारी छपाई सुरू होणार, आणि लहान मुलांना एवढं कुठं कळतं?

"त्यास्नीच कळतं, बाई," ल्यूशस म्हणाला. "पुस्तक उघडलं की पोर आधी आपली आई शोधतं. सगळ्या एकसारख्या केल्यावर त्यानं कुनाला हाक मारायची?"

शुक्रवारी मी गाडी काढली, मावशीला घालून आम्ही छापखान्यात गेलो. मशीनवरचा म्हातारा म्हणाला, "शाई नेहमीएवढीच सोडलीय. रंग पटला की कागदावर सही करा, मग छपाई सुरू."

"तुमच्या नेहमीच्या पुस्तकात आमी नसतो," ल्यूशस म्हणाला. मावशीची बाही वर सारून त्यानं तिचा हात कागदाशेजारी ठेवला. "ह्याच्याशी जुळवा."

म्हातारा सगळे रंग गिळणारी काळी शाई कमी करी, कागद काढी, हाताशी धरी, परत कमी करी. तासभर हेच.

"अरं, हात भरून आला माझा. घरी भाजी गॅसवर हाय, बर्निसला बघाय सांगितलीय. म्हंजे मीठ जास्तच पडनार."

एकोणिसावा कागद निघाला. मावशीनं चष्मा पुसला, बोट ठेवलं. "ही मी." मग दुसरीवर ठेवलं. "अन् ही बर्निस."

ल्यूशसनं सुस्कारा सोडला.

"पर हिला एवढी देखनी कशापायी केलीस? बदल की."

ल्यूशसनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हाताऱ्याच्या खिशातलं पेन ओढलं आणि विचारलं, "सही कुटं करू?"