पाखराची दुरुस्ती

आमच्या बालवाडीत व्हिडिओ गेम आला तेव्हा गावात टीव्ही एकच होता आणि त्यावर बहुतेक वेळ मुंग्याच दिसत. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आसगावच्या पुढे, धानाच्या बांध्यांनी, म्हणजे भातखाचरांनी वेढलेल्या एका गावात मी बालवाडीची बाई होते. गावच्या जुन्या मालगुजारांचा, म्हणजे जमीनदारांचा जावई परदेशात असे. त्याच्या मुलाला ज्याचा कंटाळा आला होता असं एक खेळणं त्याने सुट्टीत येताना आणलं आणि बालवाडीला दान केलं. पाटीएवढा चपटा डबा, त्याला लाल, पिवळं, हिरवं, निळं अशी चार बटणं आणि वर राखाडी काच. डबा चार-पाच सूर वाजवी, तशी बटणं लुकलुकत. मुलांनी त्याच क्रमाने ती दाबायची. बरोबर आलं की काचेतलं पाखरू चोच उघडून गाई, चुकलं की मान खाली घाली.

मुलांना हे एका सकाळीत कळलं. मोठ्यांना कधीच कळलं नाही, कारण त्यांनी मुलांना विचारलं नाही.

बालवाडी भरे मारुतीच्या देवळाच्या ओसरीत. ओसरी गार होती, हवेशीर होती आणि माझी अडचणही तीच होती. बौद्ध मोहल्ल्यातलं एकही मूल तिथे येत नसे. मी घरोघरी जाऊन आले. एका आईने बिड्या वळता वळता, मान वर न करता सांगितलं, "आमी देव सोडला, बाई. आता लेकराले देवापाशीच बसवू कायले? तुमी दुसरीकडं बसा, उद्याच पाठवतो."

दुसरीकडं म्हणजे ग्रामपंचायतीची रिकामी खोली. ती मी कधीची मागत होते. पण शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीच्या सेक्रेटरींनाही ती खताची पोती ठेवायला हवी होती. पोत्यांना मत नसतं, सेक्रेटरींच्या भाऊबंदांना मात्र होतं. सरपंच आम्हा दोघांनाही सारख्याच आपुलकीने "पाहू" म्हणत.

खेळणं आलं म्हटल्यावर त्याचं उद्घाटन आलंच. आमच्याकडे तेव्हा हातपंपाला पाणी लागलं तरी फीत कापल्याशिवाय कोणी पीत नसे. पंचायत समितीचे सभापती येणार ठरलं. ओसरीत एवढी माणसं मावणार नाहीत म्हणून कार्यक्रम पंचायतीच्या त्याच खोलीत घ्यायचं ठरलं. एका दिवसापुरता.

"उद्या संध्याकाळी माझे पोते येऊन राहिले, बाई," सेक्रेटरींनी मला आदल्या दिवशीच बजावलं. "कागद-गिगद चिकटवून भिंती खराब नका करजा."

मी मोहल्ल्यात पुन्हा गेले. बिड्या वळणारी ती आई म्हणाली, "एका दिवसाचा तमाशा पाहाले पाठवू?" तरी तिने पाठवलं. इतर आयांनीही पाठवलं. त्या दिवशी सगळी मुलं पहिल्यांदाच एका सतरंजीवर बसली आणि बसल्याबरोबर एकमेकांना चिमटे काढू लागली. मला फार बरं वाटलं.

सभापती आले. भाषणं झाली. एका वक्त्याने या यंत्राचा संबंध वेदकाळाशी जोडला, दुसऱ्याने चंद्रावर गेलेल्या माणसाशी. समोरचा जमाव मात्र शांतपणे हिरोची वाट पाहत होता, कारण व्हिडिओ म्हणजे भाड्याने आणलेला सिनेमा एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

मग पूजा. नवा ट्रॅक्टर आला, धान मळायची मशीन आली की आमच्याकडे जे करतात तेच सभापतींनी केलं. हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मी "साहेब, साहेब" म्हणेपर्यंत करवंटीतलं पाणी मोठ्या भक्तिभावाने यंत्रावर शिंपडलं. ट्रॅक्टर असता तर त्याला कळलंही नसतं.

डब्यातून एक लांब, न थांबणारा सूर निघाला.

"वा!" सभापती म्हणाले. टाळ्या पडल्या. दंडारीत, आमच्याकडच्या लोकनाट्यात, हार्मोनियम वाजवणारे बुवा स्वागतगीतासाठी बसलेच होते. त्यांनी तो सूर हार्मोनियमवर शोधला, मान डोलावली आणि गीत त्याच पट्टीत धरलं. पट्टी इतकी उंच की गायला उभ्या केलेल्या शाळेतल्या चौथीच्या मुलींनी पहिल्याच ओळीला हात टेकले. उरलेलं गीत बुवांनी आणि यंत्राने मिळून म्हटलं. कडवं संपलं, यंत्र मात्र गातच राहिलं. शेवटी ते किरकिरलं आणि गप्प झालं.

त्या शांततेत सतरंजीवरून एक बारीक आवाज आला, "बाई, पाखरू मेलं जी."

"कोण मेलं?" सभापती दचकले.

"पाखरू. तुमी पाणी टाकलं ना."

सरपंच खाकरले. सभापतींनी हातातली करवंटी हळूच टेबलाखाली ठेवली. मग सरपंच उठले आणि मी त्यांना पहिल्यांदाच "पाहू" न म्हणता बोलताना ऐकलं.

"मशीन नाजूक हाये. आता जागची हालवाची नाई. दुरुस्ती होयेपर्यंत इथंच, बाईच्या ताब्यात राहीन. बालवाडी बी इथंच भरन."

"अन् माझे पोते?" सेक्रेटरी ओरडले.

"पोते महत्त्वाचे का शिक्षण?" सभापती गरजले. त्यांना विषय बदलायची फार घाई होती.

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातली मुलं आली. मागून ती आई आली. तिने दारातून चारही भिंती नीट पाहून घेतल्या.

"इथं देव नाई ना?"

"नाई. एक पाखरू हाये. तेही आजारी."

ती हसली आणि लेकराला आत ढकलून परत गेली.

मी खेळण्याचे सेल काढले, ते उघडून वड्यांच्या शेजारी उन्हात ठेवलं. पाखरू परतलं ते आधी मान खाली घालूनच. पिवळं बटण कायमचं रुसलं. मुलांनी त्यावर उपाय काढला. पिवळ्याची पाळी आली की सगळी मिळून तो सूर तोंडाने काढत, आणि तो खेळण्यापेक्षा बराच मोठा असे.

असाच तो सूर एका सकाळी रस्त्यापर्यंत गेला असावा. सरपंच दारात येऊन उभे राहिले. आत लाल वाजलं, हिरवं वाजलं, पिवळं सगळ्या पोरांनी केकाटलं, पाखराने चोच उघडली. सरपंचांनी ते सगळं नीट पाहिलं.

"बाई, दुरुस्त नाई झाली ना अजून?"

"नाई जी."

"सेक्रेटरी विचारून राहिला होता." ते जायला वळले आणि थांबले. "दुरुस्तीले सेल लागले तं सांगजा."