कुसुमच्या हातचं

लोकरीला उन्हात एक वास सुटतो. वर्षभर पत्र्याच्या पेटीत कडुलिंबाच्या वाळक्या पानांखाली निजलेले कपडे आश्विनातल्या उन्हात बाजेवर पसरले की आधी त्या पानांचा कडवट, कोरडा वास येतो. आणि मग त्याच्या तळातून, कुणी हळूच झाकण उचलावे तसा, दुसरा एक वास वर येतो. घामाचा, दुधाचा, तान्ह्या बाळाच्या टाळूवर जिरवलेल्या तेलाचा. इतक्या वर्षांनंतरही तो तिथे कसा राहतो कोण जाणे! तो आला की मला एका जागी बसवत नाही. मी उठतो, बाज उगाचच हातभर पुढे ओढतो, आत जाऊन तहान नसताना पाणी पितो, पुन्हा बाहेर येतो. मग ओट्यावरून कुसुम, माझी बायको, म्हणते, "अहो, लोकर उन्हात टाकलीय, तुम्हाला नाही टाकलं. बसा की सावलीत."

पण बसू कसा? बाजेवर माझे अर्धे आयुष्य पसरलेले असते. करड्या रंगाचा स्वेटर, त्याच्या छातीवर सापासारखी वळणे घेत गेलेला पीळ, मुलांचे मोजे, प्रत्येक हिवाळ्यात थोडे थोडे मोठे होत गेलेले, लाल मफलर, दारावरचे क्रोशाचे तोरण, थोरल्याची कुंची, जिच्या कडेची चुणी अजून फुलासारखी उमललेली आहे, आणि मोरांच्या जोडीचे ते पांढरेशुभ्र आच्छादन, जे अनेक वर्षे आमच्या टीव्हीवर राजवस्त्रासारखे विराजमान होते. ज्याने ज्याने हे पाहिले, त्याने हात फिरवून एकच उद्गार काढला, "कुसुमच्या हातचं काम! काय सफाई आहे!"

आता माझे वय झाले आहे, आणि खोटे सोबत घेऊन जाण्याइतकी ताकद अंगात उरलेली नाही; म्हणून तुम्हाला सांगतो. कुसुमला विणता येत नव्हते. सुलट नाही, उलट नाही, साधी साखळीसुद्धा नाही. या बाजेवरचा प्रत्येक टाका माझा आहे.

शिकायला जालन्यात होतो तेव्हा एका मारवाडी व्यापाऱ्याच्या घरी माडीवरची खोली भाड्याने घेतली होती. त्यांच्या म्हाताऱ्या आईला सारे मांजी म्हणत. दुपारी मी दिसलो की मांजी हाक मारत, "आ बेटा, हात दे." मी दोन्ही हात पुढे पसरायचे, त्यांनी त्यावर लोकरीची लडी चढवायची आणि समोर बसून गुंडा गुंडाळायचा. धागा या हाताकडून त्या हाताकडे सरके, आणि त्या लयीत माझे अभ्यासाने शिणलेले मन शांत होई. पुढे त्यांनी माझ्या हातात सुयाही दिल्या. त्या घरात कुणी हसले नाही. पुरुषाने विणणे ही हसण्याची गोष्ट आहे, हे मला नोकरी लागल्यावर कळले.

नोकरी अंकुशनगरला, साखर कारखान्यात. पाकातला दाणा बोटांवर घोळवून पाक उतरवायची वेळ झाली की नाही ते ओळखायचे, हे माझे काम. हंगामात त्या बोटांना उसंत नसे; पण हंगाम संपला, यंत्रे उघडून पडली, की बोटे बेकार होत. रिकामी बोटे किती बेचैन असतात, हे ज्याने कष्टात दिवस काढले त्यालाच कळेल. दार लावून, खिडकीवर पडदा ओढून मी विणायला बसे. कडी वाजली की सुया कुसुमच्या मांडीवर जात, आणि पाहुणा आत येईपर्यंत ती त्या बाजूला ठेवून, नुकतेच काम थांबवल्यासारखी, उठत असे. एकदा घाईत लोकरीचा धागा माझ्या खिशात अडकला आणि मी तसाच बाहेर आलो. शेजारच्या दत्तरावांनी, माझ्याच पाळीतल्या सोबत्याने, तो पाहिला. मागे घरापर्यंत लांबत गेलेला धागा! "काय हो भाऊ," ते ओरडले, "वहिनींनी दाव्याला बांधून सोडलंय का?" सारी चाळ हसली. मीही हसलो, आणि तो धागा तोडून टाकला. तोडताना मात्र वाटले, आता सांगावे. सांगितले नाही. त्याआधीच, करड्या स्वेटरवर हात फिरवून त्यांनी "कुणी केलं हो, बराबर मापात बसलंय" असे विचारले होते, आणि मी एका शब्दात उत्तर देऊन बसलो होतो: "हिने."

एक शब्द! टाका सुटतो तेव्हा तोही एकच असतो. पण वेळीच उचलला नाही तर तो खालच्या घरातून आणखी खालच्या घरात उतरत जातो, आणि एक दिवस कापडात शिडीसारखी उभी वाट पडते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी कुसुमला घेरले. दत्तरावांची रुक्मिण सर्वांत पुढे. नवी आलेली, जाफराबादकडची, बोलायला मोकळी. सुया पुढे करून म्हणाली, "वहिनी, एक ओळ तर विणून दाखवा. मला शिकायचंच हाय." आता काय करावे त्या बिचारीने? मला उघडे पाडावे, की स्वतः उघडे पडावे? कुसुमने हात जोडले आणि म्हणाली, "नको गं बाई. मला नवस आहे. चारचौघांत सुई धरायची नाही." घरी येऊन तिने मला हे सांगितले तेव्हा मी पोट धरून हसलो. ती हसली नाही.

नवसाची गोष्ट वसाहतीत कशी पसरते, हे मी सांगायला नको. ज्या हातांना नवस आहे ते हात साधे कसे असतील? पोटुशा बायका लोकर घेऊन दारात येऊ लागल्या. कुसुमवहिनींची कुंची घातली की लेकराला दृष्ट लागत नाही, दुखणे शिवत नाही, असा बोलबाला झाला. मी पडद्याआड कुंच्या विणत राहिलो. बाळ बारशाला माझी कुंची घालून झोके घेई, आणि गर्दीच्या मागे उभा राहून मी ऐके: "काय हात हाय माउलीचा!" मला लाज वाटायची म्हणून मी गप्प राहिलो, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला समजावले. ते खरे नाही. ती स्तुती मला गोड लागत होती. आणि ती बिनधोक होती. कौतुक सारे माझ्या कानांत, आणि जोखीम सारी तिच्या पदरात!

आषाढात रुक्मिण आली. हळदीसारखी पिवळी लोकर तिने कुसुमच्या ओटीत घातली. "माझं बी लेकरू तुमच्याच कुंचीत न्हायलं-निजलं पाहिजे, वहिनी. बिलकुल विसरू नका." मी पिवळी कुंची सुरू केली. कपाळावरची पट्टी झाली, डोके झाले. आणि गणपती जवळ आले. मंडळाने बायकांच्या हस्तकलेचे प्रदर्शन ठरवले. माझ्या मनात मोर नाचू लागले! कुंची बाजूला ठेवून मी क्रोशाची सुई उचलली. कुसुम रोज म्हणे, "आधी ती पिवळी करा हो. तिचे दिवस भरलेत." मी म्हणे, "करतो ना, दोन दिवसांचं तर काम आहे." मोरांना पहिले बक्षीस मिळाले. कुसुमने मंचावर जाऊन बक्षिसाचा स्टीलचा डबा घेतला. त्याच आठवड्यात रुक्मिणच्या मुलीचे बारसे झाले, साध्या सुती टोपड्यात.

दसऱ्याआधी ते लेकरू तापाने गेले.

कुंचीने काही वाचवले नसते. हे मला तेव्हाही कळत होते, आजही कळते. दत्तरावांनाही कळत होते. पण आईला कळण्याने काय होते? कुसुम भेटायला गेली तेव्हा रुक्मिण भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती वळली आणि म्हणाली, "साऱ्या वसाहतीला केल्या. माझ्याच लेकराला हात आखडला व्हय, वहिनी? मोर कराया वेळ होता ना?" मी दारात उभा होतो. माझ्या जिभेवर तो एक शब्द होता, "मी". आणि मी तो गिळला. त्यानंतर रुक्मिणने कुसुमच्या हातचे हळदीकुंकू घेतले नाही, आणि कुसुमने कुणाकडूनही लोकर घेतली नाही. लोक म्हणाले, हिला मिजास आली.

दत्तराव पुढे नोकरी सोडून वडीगोद्रीला गेले, हमरस्त्याला किराणा दुकान काढले. आम्ही निवृत्तीनंतर अंबडला आलो. पेटी दर आश्विनात उघडत राहिली, आणि पेटीच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुईवरच अडकलेली ती अर्धी पिवळी कुंची मी दर वर्षी पुन्हा तशीच ठेवत राहिलो. ती कधी उन्हात आली नाही.

यंदा आली. अंबडच्या बाजारात कुणीतरी कुसुमला सांगितले की रुक्मिणच्या सुनेला दिवस गेले आहेत. मी ते ऐकले आणि त्याच दुपारी, दार उघडे टाकून, कुंची पुरी केली. कुसुमने पाहिले आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "वेड लागलं का तुम्हाला? गेलेल्या लेकराची वस्तू नव्या लेकराला घालायची?" खरेच, मला हे कसे सुचले नाही? आयुष्यभर विणणाऱ्याला वाटत राहते की काहीही पुरे केले की फिटते. "द्यायची नाही," मी म्हणालो. "दाखवायची. आणि सांगायचं." तिने कुंची वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "इतकी वर्षं मी गिळलं, ते आता ओकणार तुम्ही. चला. पण बोलायचं तुम्हीच."

जीपने आम्ही वडीगोद्रीला गेलो. दुकानात दत्तराव नव्हते. गल्ल्यामागे रुक्मिण होती, केस पिकलेली, चष्मा लावलेली. मी बसलोही नाही. उभ्या उभ्याच सारे सांगितले: सुया, पडदा, नवस, मोर. बाहेरून मालाचे ट्रक जात होते, आणि मला प्रत्येक वाक्य पुन्हा मोठ्याने म्हणावे लागत होते. खोटे बोलायला एक शब्द पुरला होता. खरे बोलायला घसा फाटला.

रुक्मिणने कुंची हातात घेतली. पट्टीवरून बोट फिरवले. मग शेवटची गाठ शोधली, दाताने तोडली आणि धागा ओढला. घरे सरसर उसवू लागली. "हात द्या, भाऊजी," ती म्हणाली. मी दोन्ही हात पुढे पसरले. तिने तो कुरळा झालेला पिवळा धागा माझ्या हातांवर चढवला आणि समोर बसून सावकाश गुंडा केला, थेट मांजींसारखा. गुंडा झाला तेव्हा तो तिने पदराखाली कमरेला खोचला. माझे हात तसेच पसरलेले राहिले. ते खाली घ्यायला कुणी सांगितले नाही.

मग ती कुसुमकडे वळली. "मंग वहिनी, तुम्हाला येतच न्हाई व्हय?"

"नाही गं," कुसुम म्हणाली. "एक टाका येत नाही."

"अगं बाई! आन् मी तुमच्यावर चिडून, इथं एका मास्तरणीपाशी जाऊन सारं शिकून घेतलं की!" आणि दोघी हसू लागल्या, हसता हसता दोघींनी डोळ्यांना पदर लावला. "सरका इकडं. बसा. मी शिकवते."

मी दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. गिऱ्हाईक आले तर साखर मोजून दिली.

आज बाज पुन्हा उन्हात आहे. वास तोच, बेचैनीही तीच. तुम्हाला वाटले असेल की सांगितल्यावर ती सुटली असेल, तर तसे काही झाले नाही. ओट्यावर, रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत, कुसुम विणते आहे. तिचा हिरवा पट्टा एकीकडे रुंद, एकीकडे चिंचोळा झाला आहे. मधेच एक टाका सुटला आहे; मला तो इथून दिसतो, तो ओळीओळीने खाली उतरतो आहे, आणि माझी बोटे शिवशिवतात. दोनदा उठलो. "हात लावू नका," ती वर न पाहता म्हणाली. "हे माझं आहे."

मी परत येऊन बसलो आहे. पेटीतले बाकीचे सगळे माझे, हे लिहून ठेवतो. तो हिरवा पट्टा पुरा झाला की याच बाजेवर, मोरांच्या शेजारी, उन्हात पडेल, आणि कुणी त्यावर हात फिरवून विचारले, तर यंदा मी पुन्हा तेच उत्तर देईन: "हिने."